विहिरीतल्या भुताला किती बोंबील

मढच्या माणसाला भुताच्या सिनेमाची भीती वाटत नाही, आणि यात शौर्याचा भाग काही नाही. सिनेमातली भुतं राहतात ती त्याच्याच शेजारी. किनाऱ्यालगतचे जुने बंगले शूटिंगला भाड्याने जातात, त्यामुळे पडद्यावर दार कुरकुरतं, नायिका मेणबत्ती घेऊन जिना चढू लागते, साऱ्या मुंबईचा जीव टांगणीला लागतो, आणि मढच्या कोळीवाड्यात कुणीतरी सहज म्हणतं, "अरे, यो तं परेराचा जिना. याच्याच खाली आपली जाली ठेवली व्हती." झालं. भूत जागच्या जागी मरतं.

ऑक्टोबर आला की अंधेरी-बोरिवलीची पोरंपोरी त्याच बंगल्यांत हॅलोविनच्या पार्ट्या करतात. तोंडाला पांढरं फासून, गालांवर दात रंगवून संध्याकाळी रस्त्यावर हिंडतात. म्हाताऱ्या कोळणी ओट्यावर बसून बघतात आणि म्हणतात, "सर्वपित्री तं झाली गो, मग ही कुठली उरली?" बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या पोरांनी तो हॅलोविन गावात आणला, पण त्याला कोळीवाड्याचं पाणी लावलं ते नेत्राने. तोंड रंगवण्यापेक्षा भुताचे सिनेमे बघायचे, सगळ्यांनी मिळून, मच्छिमार सोसायटीच्या शेडमध्ये पांढरी चादर बांधून. आणि स्टार द्यायचे नाहीत. "स्टार पेपरवाले देतात. आपन बोंबील देऊ," ती म्हणाली होती.

तर पाचपैकी बोंबील. पाच म्हणजे रात्री एकट्याने मोरीत जायची हिंमत नाही. एक म्हणजे नुसताच वास. शिवाय नेत्राचे नियम होते आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. सिनेमा आधी कुणी चोरून बघायचा नाही. संपेपर्यंत उठायचं नाही. बंगला ओळखीचा निघाला म्हणून बोंबील कापायचा नाही. जितके बोंबील तितकी बोटं वर करायची, आणि कारण सांगायचं. आणि कुणाची कीव करून बोंबील द्यायचा नाही, मग त्यात गावातल्या कुणी काम केलेलं का असेना. शेवटच्या नियमावरून तिचा चुलतभाऊ विकी महिनाभर रुसला होता, कारण विकी शूटिंगला लाइटमन होता आणि त्याने उजेड पाडलेल्या सिनेमाला तिने वासाचा एकच बोंबील दिला होता.

नेत्रा म्हणजे महादू आणि कमळची एकुलती एक मुलगी. मालाडला कॉलेजात जायची, जिभेने तिखट, पाण्यात गेली की मासळीलाही लाज वाटेल अशी. दोन पावसाळ्यांपूर्वी तिला ताप आला. डेंगी आहे म्हणाले. दवाखान्यात नेलं, बाटल्या लावल्या, आणि आठवडाही लोटला नाही तोच मुलगी गेली. एवढंच. त्याहून मोठं काही झालं असतं तर निदान सांगायला तरी काही उरलं असतं.

अस्थी सोडायला महादू स्वतःची होडी घेऊन गेला. सोबत तिची आवडती ओढणी घेतली, हिरव्या बांगड्या घेतल्या, आणि तिचा फोनही घेतला. त्या फोनशिवाय पोरगी घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हती, मग एवढ्या लांब कशी जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं. कोळ्याच्या मनाला देणं म्हटलं की समुद्रच आठवतो. जे प्रिय ते दर्याला द्यावं, हेच त्याने जन्मभर केलेलं. त्याने ओढणी सोडली, बांगड्या सोडल्या आणि फोन सोडला.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा कमळ ओरडली नाही. तिला लगेच कळलंच नाही. कळलं ते महिन्याभराने, एका दुपारी, जेव्हा तिने नेत्राचा आवाज आठवायचा प्रयत्न केला आणि तो आला नाही.

चेहरा होता. भिंतीवर फोटो होता, विकीच्या फोनात ढीगभर होते. पण आवाज? नेत्राने आपल्या फोनात किती काय भरून ठेवलेलं, कमळला गाणी म्हणायला लावून तीही भरलेली, स्वतःची बडबड, भांडणं, हसणं. ते सगळं आता दर्याच्या तळाशी होतं. नेत्राची मैत्रीण नमिता हिने फोन बदलला तेव्हा जुने मेसेज पुसले गेले होते. विकीकडे एका हळदीतला नाचाचा व्हिडिओ होता, त्यात नेत्रा कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी ओरडते. पण डीजे एवढा दणाणतोय की तिचे नुसते ओठ हलताना दिसतात. कमळने तो इतक्यांदा बघितला की शेवटी विकीच म्हणाला, "काकी, नको आता."

कमळकडे उरला होता एक शब्द. कॉलेजातून आल्यावर दारातूनच नेत्रा हाक मारायची, "आये!" भूक, कंटाळा, लाड सगळं त्या एका शब्दात कोंबलेलं. तेवढी हाक कमळच्या कानात शाबूत होती. ती जपून वापरायची. मालाडच्या बाजारात मासळीची टोपली रिकामी झाली, हात धुतले, की एकदा. रोज नाही. सारखं हाताळलं की रंग उडतो, हे तिला लुगड्यांवरून माहीत होतं. आणि महादूशी ती बोलायची ती जेवण, बर्फ, डिझेल एवढ्यापुरतीच. दर्याला दिलेलं दर्या परत देत नाही, आणि हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं?

यंदाच्या ऑक्टोबरात पोरांनी पुन्हा चादर बांधली. गेल्या दोन्ही वर्षी कुणाचा धीर झाला नव्हता. आणि तेव्हाच विकी एका संध्याकाळी धापा टाकत कमळच्या दारात आला.

"काकी, नेत्राचा पिच्चर आला."

कमळला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि तिने हातातली कोयती खाली ठेवली.

नेत्रा जाण्याआधीच्या थंडीत मढच्या एका बंगल्यात मराठी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. विहिरीत बुडून मेलेली मुलगी रोज संध्याकाळी घराच्या दाराशी येते, असली काहीतरी गोष्ट. मुख्य नटीने त्या शेवाळलेल्या विहिरीत उतरायला साफ नकार दिला. विकीने नेत्राचं नाव सुचवलं. दम धरून पाण्याखाली बसणारी पोरगी बघून दिग्दर्शक एवढा खूश झाला की भुताचं सगळं काम त्याने तिलाच दिलं, वर दारातला एक संवादही दिला. मग सिनेमा कुठेतरी अडकला, आणि लोक विसरून गेले. आता हॅलोविनच्या तोंडावर एका ॲपवर तो सोडला होता.

तो संवाद कमळला पाठ होता. नेत्राने आठवडाभर तिचं डोकं खाल्लं होतं. कमळ मासे साफ करत बसली की ही दाराबाहेर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आई, मला आत घे. मला थंडी वाजतेय."

"आई कोन? आये बोल की."

"भूत शिकलेला हाय गो. डायरेक्टर आईच बोलाला सांगतो."

शब्द पाठ होते. आवाज तेवढा नव्हता. कमळने विकीचा दंड धरला. "तिचा आवाज हाय त्याच्यान?"

"असनारच ना. तिच्या छातीला माईक लावलेला मी सोता बघितलाय."

"तू ऐकलास?"

विकी अडखळला. "नाय काकी. आधी बघायचा नाय ना. तिचाच नियम."

पोरगं खरं बोलत होतं. नेत्राच्या सिनेमाला नेत्राचाच नियम मोडायचा, हे त्याच्याने झालं नाही. एका बोटाने दाबून बघितलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मेलेल्या माणसाचे नियम जिवंतपणीच्या नियमांपेक्षा कडक होतात, याला काय करणार?

मधले दिवस कमळने कसे काढले ते तिचं तिला माहीत. बाजारात ती गिऱ्हाइकांशी हसून बोलू लागली. शेजारणीला वाटलं, बाई सावरली. ती सावरली नव्हती, तिला आशा लागली होती, आणि आशेचं माणूस वरून सावरल्यासारखंच दिसतं. महादूला तिने काही सांगितलं नाही. तो मासेमारीला बाहेर होता, आणि असता तरी तिने सांगितलं नसतं. फोन बुडवणाऱ्याचा यात हिस्सा नव्हता.

ठरल्या संध्याकाळी, दिवेलागण होताच, ती चापूनचोपून लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीची वेणी माळून शेडमध्ये गेली. पोरांनी तिच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होती. ती खुर्चीवर न बसता बाकीच्यांसारखी जाळ्यांच्या ढिगावर बसली. नमिता शेजारी येऊन बसली आणि तिने कमळचा हात हातात घेतला. विकीने प्रोजेक्टर लावला.

सिनेमा वाईट होता. नेत्राच्या जागी दुसरं कुणी असतं तर पोरांनी पहिल्या दहा मिनिटांत त्याची सालं काढली असती. विनाकारण दारं आपटत होती, मांजर उगाच उड्या मारत होतं, आणि घरातला मांत्रिक दाढी सुटेल या भीतीने तोंड कमी उघडत होता. बंगला तर सगळ्यांच्या ओळखीचा. मागच्या आवारात सोडे सुकवतात तो. पण कुणी चकार शब्द काढला नाही. 

मग विहिरीच्या काठावर पाठमोरी मुलगी दिसली. ओले केस, पांढरा परकर-पोलका. तिने केस पिळले, आणि पिळताना मान डावीकडे टाकली.

कमळ जाळ्यांच्या ढिगावर पुढे सरकली. जगात केस सगळ्याच बायका पिळतात, पण मान अशी टाकणारी एकच होती, आणि तिला तशी टाकू नकोस, लचकेल, म्हणून कमळनेच शंभरदा दटावलेलं. मुलगी वळली. तोंडाला निळसर रंग, डोळ्यांखाली काजळ फासलेलं, तरी ती नेत्राच. गळ्याची शीर उडत होती. छाती वरखाली होत होती. श्वास घेत होती पोरगी. कमळला वाटलं, उठावं आणि टॉवेलने तिचं डोकं पुसावं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला सुख झालं, आणि ते इतकं मोठं होतं की तिला ते सोसवेना.

नेत्रा दारापर्यंत आली. दाराच्या आत तिची सिनेमातली आई कडीला हात लावून थरथरत उभी. नेत्राने दारावर तळवा टेकला. तोंड उघडलं.

"आई, मला आत घे. मला थंडी वाजतेय."

आवाज दुसऱ्या बाईचा होता.

चांगला आवाज होता, शिकवलेला. भिजलेला, कापरा, मागे विहिरीचा घुमारा जोडलेला. कुणी तयारीच्या बाईने थंडगार स्टुडिओत पडद्यावरच्या ओठांकडे बघत तो बेमालूम बसवला होता. ओठ नेत्राचे, आवाज त्या बाईचा. दारातल्या आईने दार उघडलं नाही. भुताने पुन्हा म्हटलं, मग पुन्हा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी कमळ वाट बघत राहिली, की निदान आता तरी, या खेपेला तरी. विकीने कपाळाला हात लावला तो काढलाच नाही.

उठायचं नाही हा नियम होता, म्हणून सगळे शेवटपर्यंत बसले. चादर पांढरी झाली. कुणी दिवा लावला. नमिता हमसून रडत होती.

"डबिंग केलान," विकी जमिनीकडे बघत म्हणाला. "स्टुडिओन दुसरीला बसवून केलान काकी. मना ठावं असायला पायजे व्हतं."

"बोंबील द्या," कमळ म्हणाली.

विकी प्रोजेक्टरची वायर गुंडाळू लागला.

"द्या ना. ती काय बोलायची? न देता कोन उठायचा नाय."

विकीने हात वर केला, पाची बोटं उघडली. त्याचं बघून एकेकाने केला. शेडभर पाच-पाच बोटं उभी राहिली.

"कारन सांग," कमळ विकीला म्हणाली.

विकीचा हात तसाच वर राहिला आणि तो लहान पोरासारखा रडू लागला. कीव करून द्यायचा नाही, हे कुणी त्याला सांगायची गरज नव्हती. कमळने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कारण पोराचा दोष नव्हता, आणि घरी गेली.

त्या रात्री तिने ठरवलं की महादू आला की त्याला सांगायचं. सगळं. दोन वर्षं गिळलेलं. बघ, तुझ्यामुळे मी परक्या बाईच्या तोंडून माझ्या पोरीला ऐकलं. हे बोलल्यावर तिला बरं वाटलं असतं असं नाही, पण ज्याचं त्याच्या पदरात पडलं असतं.

महादू तिसऱ्या दिवशी सकाळी आला. पण बातमी घराची वाट बघत नाही, ती धक्क्यावरच त्याला गाठते. बोट लागताच कुणीतरी म्हणालं, तुझ्या नेत्राचा सिनेमा आला. तो तसाच, मासळी न उतरवता, विकीकडे गेला. विकीने काय करावं? काकाच्या तोंडाकडे बघून, आवाज दुसरीचा आहे हे त्याला सांगवेना. त्याने मुकाट्याने महादूच्या फोनात तो दाराचा तुकडा भरून दिला.

कमळ चुलीपुढे होती. महादू दारात आला. अंगाला खाऱ्या पाण्याची खरपुडी, डोळे लाल. दोन्ही हातांच्या ओंजळीत त्याने फोन धरला होता, जणू त्यात पाणी होतं आणि ते सांडेल.

"कमल," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने तिला नावाने हाक मारली. "कमल, आवाज हाय गो. आपल्या पोरीचा आवाज हाय."

तिने तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयार होते. तेवढ्यात त्याने बोट दाबलं.

"आई, मला आत घे. मला थंडी वाजतेय."

महादू उंबऱ्यावर बसला. दाढीतून पाणी गळू लागलं. "तिचाच," तो म्हणाला. "अशीच बोलायची. अशीच बोलायची बग. मना वाटला, मी बुरवला. सगला बुरवला. पन बग, ऱ्हायला गो. देवानी ठेवला."

आणि कमळला कळलं की हा विसरला आहे. तिच्याकडे निदान एक हाक तरी होती. याच्याकडे काहीच नव्हतं. दोन वर्षं हा माणूस फोन टाकणाऱ्या स्वतःच्या हातांना शिव्या देत समुद्रावर हिंडत होता, आणि ज्याच्यासाठी हिंडत होता तो आवाज त्याच्या डोक्यातून कधीच गेला होता. कुठलाही आवाज त्या ओठांवर ठेवला असता तरी याने ओळखला असता.

"हाय ना तिचाच?" त्याने विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून नाही. तो तिच्याकडून ऐकायला थांबला होता.

एक 'नाय' म्हटलं असतं की काम झालं असतं. दोन वर्षं तिने त्याच शब्दाला धार लावून ठेवली होती. पण समोर उंबऱ्यावर बसलेल्या माणसाकडे बघून तिचा हात उचलेना.

"हाय," ती म्हणाली. "तिचाच."

तेव्हापासून घरात तो आवाज राहायला आला. महादू पहाटे निघण्याआधी एकदा लावतो, परत आल्यावर बर्फाचं, डिझेलचं बघून झालं की लावतो, जेवताना लावतो. चेहऱ्यावर जरा तेज आलंय. शेजाऱ्यांना हौसेने ऐकवतो, आणि ते भले लोक खाली बघून मान हलवतात. कमळशी बोलतो, ती उत्तरं देते. लोक म्हणतात, घर पुन्हा लागलं.

दिवाळीनंतर एका दुपारी कमळ मालाडच्या बाजारात हात धुऊन टोपलीवर बसली. बरेच दिवस तिने ती हाक काढली नव्हती. डोळे मिटले. उन्हात उभी राहून नेत्रा दारातून आत बघतेय, पाठीला सॅक, कपाळावर घाम. कमळने कान दिला. नेत्राने तोंड उघडलं.

"आई," ती बाई म्हणाली. घुमाऱ्यासकट.

कमळने पुन्हा डोळे मिटले. मग पुन्हा. बाजूच्या कोळणीने विचारलं, भोवळ आली का गो? कमळने नकारार्थी मान हलवली. मग टोपली उचलून घरी आली.

महादू ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होता. तिने टोपली टेकवली आणि त्याच्या शेजारी बसली.

"लाव," ती म्हणाली.

त्याला इतका आनंद झाला की सुई हातातून पडली. आजवर तिने कधी आपणहून मागितलं नव्हतं. त्याने पंच्याला बोटं पुसली, फोन काढला, दोघांच्या मधे धरला आणि लावला.

आतून ती बाई कापऱ्या आवाजात आई म्हणाली, आणि कमळने तिला ओ दिली.